खुकुरीचं पाणी जोखताना

खुकुरी, म्हणजे नेपाळी लोकांचं ते पुढे वाकलेलं जाड पात्याचं हत्यार, घ्यायचं बरीच वर्षं मनात होतं. काठमांडूचं तिकीट काढलं तेव्हा एवढंच ठरवलं होतं की भिंतीवर टांगायची घ्यायची नाही. विट्याजवळ भावाची द्राक्षबाग आहे, बांधाला बाभळी आहेत, घरी अजून चुलीवर पाणी तापतं. तिथे रोज हातात घेता येईल अशी हवी होती. आणि पैसे मोजण्याआधी ती नीट तपासायची होती.

तपासणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी उष्णोपचार विभागात काम करते. गिअर, शाफ्ट, पिना भट्टीत तापवायच्या, तेलात विझवायच्या, पुन्हा मंद आचेवर ठेवायच्या आणि मग त्यांचा कठीणपणा मोजायचा. आमच्याकडे प्रत्येक भट्टीला तापमापक, तेलाच्या टाकीला तापमापक, प्रत्येक घाणीची नोंद. नेपाळमधले कामी, म्हणजे तिथले लोहार, हेच काम कोळशाच्या भट्टीवर डोळ्यांनी करतात आणि हातात चहाची किटली घेऊन पात्याला पाणी देतात, म्हणजे तापलेली धार विझवून कठीण करतात, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओत सगळंच छान दिसतं. पोलादाच्या बाबतीत माझा विश्वास कानशीवर.

म्हणून बॅगेत कठीणपणा तपासायच्या कानशींचा संच घेतला. सहा कानशी, ४० पासून ६५ रॉकवेलपर्यंत (रॉकवेल हे कठीणपणाचं माप), पाचापाचाच्या अंतराने, प्रत्येकीची मूठ वेगळ्या रंगाची. वापर अगदी सोपा. ४० ची कानस पात्यावरून घसरून गेली तर पातं तिच्यापेक्षा कठीण. मग ४५ ची घ्यायची, मग ५० ची. जी कानस पहिल्यांदा पोलादात दात रोवते, तिच्या खाली आणि तिच्या आधीच्या कानशीच्या वर त्या पात्याचा कठीणपणा असतो. हाताला ते लगेच कळतं. घसरते ती कानस काचेवरून गेल्यासारखी जाते, लागते ती खरखरत अडते. पात्यावर खूण अगदी बारीक राहते, पण राहते, म्हणून हे मालकाला विचारूनच करायचं.

काठमांडूत माझा मावसभाऊ असतो. खानापूर-आटपाडी भागातले गलाई करणारे लोक देशभर पसरलेत, काही नेपाळपर्यंत गेलेत, दादा त्यांतलाच. न्यू रोडच्या मागच्या एका गल्लीत त्याचं सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे. मी पोचले त्या संध्याकाळी कानशींचा संच पाहून तो म्हणाला, ‘‘अगं, थमेलमध्ये खुकुरीची दुकानं पायलीला पन्नास आहेत. एक उचल आणि चल. ह्या कानशी कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘दादा, तू सोनं कसावर घासल्याशिवाय घेतोस का?’’ तो गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी दुकान पोराच्या हवाली करून माझ्याबरोबर निघाला.

थमेल या पर्यटकांच्या बाजारातलं पाहणं मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त शिकवून गेलं. समोर मांडलेल्या बहुतेक खुकुऱ्या पर्यटकांसाठी असतात: पितळेच्या सिंहमुखाच्या मुठी, पात्यावर कोरलेले मोर आणि पगोडे, लाल मखमलीचं म्यान. त्यांना धारच नसते आणि असायचं कारणही नाही. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. कुणाच्या दिवाणखान्यात त्या शोभून दिसतील. खरा प्रश्न मागच्या कपाटातल्या मालाचा. ‘ही लष्करातली’, ‘ही भोजपुरे’, ‘ही ट्रकच्या पाट्याची’ असं म्हणत दुकानदार ज्या काढून दाखवतात, त्या दिसायला सारख्याच असतात. जाड पाठ, आरशासारखी घासलेली पाती, शिसवीची नाही तर म्हशीच्या शिंगाची मूठ, म्यानात मुख्य पात्याबरोबर दोन छोटी हत्यारं: बारीक कामाचा कर्द आणि धार सरळ करायची बोथट चकमक.

कानस लावू का, असं विचारल्यावर बहुतेकांनी नाही म्हटलं. माल त्यांचा, त्यांचं बरोबरच आहे. एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र कुतूहलाने संच हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि दोन खुकुऱ्या माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हींची किंमत एक, पॉलिश एक, वजनही जवळपास सारखं. पहिलीच्या पोटाशी, म्हणजे जिथे पातं सर्वात रुंद होतं आणि घाव बसतो तिथे, ४० ची कानस सरळ रुतली. दुसरीवर ५० ची घसरली आणि ५५ ची लागली. म्हणजे पहिली लाकडावर चार घाव घातल्यावर धार वळवून बसली असती आणि दुसरी दिवसभर चालली असती. दुकानदार म्हणाला, ‘‘दोनों हाथ से बनी हैं, दिदी.’’ ते खरंच होतं. दोन्हींवर घणाचे पुसट घाव होते, दोन्हींची मुठीजवळची खाच हाताने कापलेली होती. हाताने केलेलं म्हणजे चांगलंच, असं आपण शहरातली माणसं धरून चालतो. हाताने पाणी द्यायला वेळ आणि लक्ष लागतं, आणि ज्याला नगावर पैसे मिळतात त्याच्याकडे दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, आधीच्या घाईत दोन्ही कमी पडतं. ही दोन पाती कुणी केली, असं विचारलं तर त्याला सांगता येईना. पात्यावर दुकानाचा शिक्का होता.

तिथेच मला कळलं की दुकानातून घ्यायची नाही. ज्याने पाणी दिलं त्याच्यासमोर उभं राहून घ्यायची.

मध्ये एका दुपारी छाउनीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. तिथे गोरखा राज्याचा संस्थापक द्रव्य शाह याची म्हणून ओळखली जाणारी खुकुरी आहे. तो १५५९ मध्ये गोरखाच्या गादीवर आला. शस्त्रांच्या दालनातली जुनी पाती पाहताना डोळ्यांत भरतो तो साधेपणा. पाठ जाड, वाक खोल, नक्षी असली तर खाचेजवळ दोन-चार रेघा. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात, देहरादूनजवळच्या नालापानीच्या किल्ल्यापासून, ह्या हत्याराचं नाव युरोपात पोचलं आणि नंतर गोरखा पलटणींबरोबर जगभर गेलं. तिथे अर्धा दिवस घालवल्याचा मला फायदा असा झाला की काठमांडूशेजारच्या पाटणमध्ये एकाने ‘शंभर वर्षांची’ म्हणून पुढे केलेली खुकुरी मी लगेच परत केली. तिचा गंज एकसारखा आणि उथळ होता, आम्लात बुडवल्यावर येतो तसा. जुना गंज जागोजागी खोल खड्डे पाडतो आणि मुठीजवळ सर्वात जास्त असतो. शिवाय ती खरोखर शंभर वर्षांहून जुनी असती, तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय नेपाळबाहेर नेताच आली नसती. विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

कारागिरापर्यंत पोचवलं ते दादाच्या शेजाऱ्याने. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले गोरखा रायफल्सचे हवालदार, पुण्याला काही वर्षं काढलेली, त्यामुळे ‘बस की पोरी, चहा घे’ एवढं मराठी अजून तोंडात. १९४७ मध्ये दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. अशी पेन्शन घेणारी माणसं नेपाळच्या डोंगरांत गावोगाव आहेत. मी त्यांना काका म्हणू लागले. त्यांनी आधी आपली स्वतःची खुकुरी काढली आणि ती हातात कशी घ्यायची ते शिकवलं, कारण मी म्यान मुठीत आवळून पातं उपसायला लागले होते आणि त्यांनी माझं मनगटच धरलं. म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फाळ्या आणि वर कातडं. धारेकडची शिवण कधी आतून कापली गेलेली असते. बोटं त्या बाजूला असली आणि पातं ओढलं तर बोटं जातात. म्यान पाठीकडून धरायचं, बोटं धारेकडे येऊ द्यायची नाहीत, आणि पातं पाठीवर टेकवत सावकाश सोडायचं. उपसली की रक्त पाजल्याशिवाय परत म्यानात घालत नाहीत, ही आपल्याकडे ऐकलेली गोष्ट मी विचारली, तर काकूंनी आतून उत्तर दिलं की मग ह्या घरात रोज भाजी कोण चिरतं?

भक्तपूरच्या बाजूला, खोऱ्याच्या कडेला, भोजपूरहून आलेल्या कामी कुटुंबाचं आरन, म्हणजे लोहारकामाची जागा, आहे. पूर्व नेपाळातल्या भोजपूरचं नाव खुकुरीसाठी फार मोठं. पत्र्याची शेड, मातीत गाडलेल्या ठोकळ्यावर ऐरण, कोळशाच्या भट्टीला विजेचा पंखा, आणि दाराशी ट्रकच्या पाट्यांचा ढीग. पाटे म्हणजे सुमारे ०.६ टक्के कार्बन असलेलं स्प्रिंगचं पोलाद. आमच्याकडे ते तेलात विझवतात, कारण पाण्यात अख्खं बुडवलं तर तडकण्याची भीती. हे पोलाद आणि पाण्याची किटली यांचा मेळ कसा बसतो, हेच मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

आधी आकार ठरवायचा होता. मला मनातून भोजपुरे हवी होती, रुंद पोटाची. पण आपल्याकडच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत खुकुरीचं चक्क नाव घेऊन लिहिलंय: पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांच्या वर्गात येतं. घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत, तरी नियमात जिचं नाव आहे ती वस्तू मापाच्या आतच असलेली बरी. नऊ इंचांचा प्रश्न नव्हता. भोजपुरेचं पोट मात्र दोन इंचांत बसवणं अवघड. मी हे सांगितल्यावर मुख्य कारागिराने, त्याला मी दाइ (नेपाळीत दादा) म्हणत होते, खडू घेतला आणि जमिनीवरच रेघ ओढली. सिरुपाते कर, म्हणाला. सिरू नावाच्या गवताच्या पातीसारखी निमुळती, अरुंद. मी म्हटलं, बाभळीचा फाटा तोडायचाय, हलकी पडेल. त्याने खडूची रेघ पाठीकडून जाड केली. रुंदीत जे वजन गेलं ते पाठीच्या जाडीत परत आणायचं, आणि तेही वाकाच्या पुढे, मुठीकडे नाही. बोलता बोलता आम्ही ठरवलं: लांबी पावणेनऊ इंच, रुंदी पावणेदोन इंच, वाकाजवळ पाठ नऊ मिलिमीटर. माझ्या हाताला मूठ मोठी पडते म्हणून त्याने माझ्या तळव्यावर पट्टी ठेवून माप घेतलं. दुकानात हे कुठून होणार?

मूठ कुठली, यावर काका आणि दाइ यांची बराच वेळ चर्चा झाली. एका प्रकारात पात्याची शेपटी निमुळती होऊन मुठीच्या आत शिरते, लाहा नावाच्या राळेच्या चिकट मिश्रणाने बसते आणि टोकाशी पत्र्यावर ठोकून फुलवतात. दुसरा प्रकार पनवाल: शेपटी मुठीच्या रुंदीइतकी, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फाळ्या आणि रिबिटा. पनवाल दिसायला दणकट, पण रिबिटांतून हादरा थेट हातात येतो, असं काकांचं म्हणणं. मी निमुळती शेपटी घेतली, आरपार जाऊन मागे फुलवलेली. शिंग नको म्हटलं, कारण माणदेशाच्या कोरड्या हवेत ते तडकेल आणि किडाही लागतो. शिसवी ठरली.

घडवणं मी फार वर्णन करत नाही. घण चालवणारे दोघं आणि चिमट्याने पातं फिरवणारा दाइ, हे आपल्याकडच्या कुठल्याही लोहाराच्या भट्टीवर दिसतं तसंच. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. धार पातळ करण्याआधीच त्याने पातं हवं त्यापेक्षा जास्त वाकवलं होतं. धार ठोकून पातळ केली की ती लांब होते आणि पातं उलट्या बाजूला वळू पाहतं. ते वळण मनात धरून तो आधीच जास्त वाकवतो. ह्याचं कुठलंही गणित त्याने मांडलं नाही.

मुठीच्या पुढची ती छोटी खाच, कौडी, तो कानशीने आणि छिन्नीने कापतो. तिच्याबद्दल ऐकाव्या तेवढ्या गोष्टी आहेत: शिवाचा त्रिशूळ, गाईचं खूर, रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून. मी बघितलं ते खाचेच्या तळाला. तिथे कोपरा धारदार राहिला तर पाणी देताना चीर तिथूनच निघते. दाइने तळ गोल घासला होता. दुकानातल्या कित्येक पात्यांत तो कोपरा उघडा होता, आणि एका पात्यात केसासारखी चीरही दिसली होती. विकत घेताना भिंग असेल तर सर्वात आधी खाचेवर धरावं.

पाणी द्यायची वेळ संध्याकाळची. पंखा बंद, दारावर पोतं सोडलेलं, कारण रंग उजेडात फसवतो. दाइने पातं धार खाली करून कोळशात सरकवलं आणि पुढेमागे ओढत राहिला, टोक पातळ म्हणून ते कमी वेळ, पोट जास्त वेळ. आमच्या भट्टीवर मी ८५० अंश लावते आणि दिवा हिरवा होण्याची वाट बघते. इथे मी फक्त धारेकडे बघत होते. आधी काळपट लाल, मग उजळ, मग पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्याचा रंग पोटापासून टोकापर्यंत एकसारखा आला, आणि पाठ अजून मळकटच होती. त्याने पातं आडवं धरलं, धार वर, आणि किटलीच्या अरुंद तोटीतून पाण्याची दोऱ्याएवढी धार सोडली. पोटावरून सुरुवात, टोकाकडे, परत, मुठीकडे थोडं, पुन्हा पोटावर. हात एकदाही थांबला नाही. वाफ उठत होती आणि तो वाफेच्या आड मान वाकडी करून बघत होता. मग पाणी थांबवलं. विटेच्या तुकड्याने धारेची काळी साल घासली आणि उघड्या पोलादावर पाठीची उष्णता सरकत येताना दिसू लागली: फिकट पिवळा, मग गवती पिवळा. तिथे त्याने उरलेलं पाणी ओतलं.

मला उत्तर मिळालं होतं. पाणी फक्त धारेला लागलं, म्हणून पातं तडकलं नाही. पाठ मऊ आणि चिवट राहिली. आणि तिच्यातल्याच उरलेल्या उष्णतेने धारेचा ठिसूळपणा घालवला. आम्ही ज्याला दोन भट्ट्या आणि कितीतरी तास लावतो, ते दोन्ही टप्पे एका किटलीभर पाण्यात झाले. मी हे कौतुक म्हणून सांगत नाहीये. माझ्या कारखान्यातला प्रत्येक गिअर सारखा निघतो आणि इथे प्रत्येक पातं त्या संध्याकाळच्या एका माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून असतं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका पात्याने ‘टिण’ असा आवाज केला. आरनातले सगळे क्षणभर थांबले. दाइने पातं उजेडात धरलं, धारेवर आडवी चीर सापडली, आणि त्याने ते भंगारात टाकलं. ते दुकानाच्या ऑर्डरीतलं होतं. मोडलेल्या पात्याचे पैसे दुकान देत नाही. पोलाद, कोळसा आणि दिवसाची मजुरी कामी सोसतो.

माझं पातं गार झाल्यावर कानशी काढल्या. पोटावर ५५ ची घसरली, ६० ची लागली. टोकाजवळ ५० ची घसरली, ५५ ची लागली. पाठीवर ४० चीच रुतली. म्हणजे पोट ५५ ते ६० च्या मध्ये, टोक थोडं नरम, पाठ ४० च्या खाली. जिथे घाव बसतो तिथे सर्वात कठीण, जिथे टोक कशावर आपटू शकतं तिथे थोडी सवलत. मी आकडे सांगितले तेव्हा दाइ हसला नाही, त्याने संच मागून घेतला आणि ढिगातली आपली पाती एकेक करून स्वतः तपासायला बसला. दोन बाजूला काढली. मग मला विचारलं की अशा कानशी कुठे मिळतात.

धार लावून झाल्यावर आणखी एक परीक्षा घेतली, ती घरीही कुणाला करता येईल. पितळेची जाड सळई आडवी ठेवायची आणि धार तिच्यावर हलक्या कोनात दाबून ओढायची. उजेडात पाहिलं तर धार सळईवर किंचित वाकताना दिसते. सोडल्यावर परत सरळ झाली तर पाणी बरोबर. वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर फार कडक. सळई दादाच्या दुकानातून आणली होती. धार सरळ परत आली. दादा ते पाहून म्हणाला, ‘‘आता कळलं बाई तुझं.’’

मग पैशांचं बोलणं. दाइने सांगितलेली किंमत दुकानातल्या चांगल्या खुकुरीपेक्षा कमी होती. दुकान त्याला एका नगाचे किती देतं हे काकांनी विचारलं, तेव्हा तो आकडा थमेलमधल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी निघाला. त्यातच कोळसा, पोलाद आणि मोडतोड. म्यान शिवणाऱ्या सार्कीचे, म्हणजे चांभाराचे, वेगळे. मी नेपाळी साडेसहा हजार रुपये दिले, आपले चार हजारांच्या आसपास, आणि त्या पात्याला ते महाग नाहीत असं मी छातीठोक सांगेन.

ह्या हिशेबामागे जुना इतिहास आहे आणि खुकुरी घेणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा असं मला वाटतं. ज्या कामींच्या हातून नेपाळची ओळख घडली, त्यांना १८५४ च्या मुलुकी ऐनाने, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेने, अस्पृश्य ठरवलं. त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं. गावात ते वर्षभर विळे, कुदळी, खुकुऱ्या करून द्यायचे आणि सुगीला धान्य मिळायचं. त्याला तिथे बाली म्हणतात, आपल्याकडे लोहाराला बलुतं मिळायचं तीच रीत. १९६३ च्या नव्या ऐनाने जातीनुसार शिक्षा काढून टाकल्या, २०११ मध्ये अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा आला. तरी दाइचा मुलगा पातं घासता घासता म्हणाला की शहरात खोली भाड्याने घेताना तो आडनाव सांगायचं टाळतो. विश्वकर्मा हे आडनाव. आरनात विश्वकर्म्याचा फोटो, ऐरणीवर कुंकू. आमच्या कारखान्यातही खंडेनवमीला भट्ट्यांची पूजा होते, पेढे वाटतात. हत्याराला हात जोडणारे आपण ते घडवणाऱ्याला दारात उभं करतो, हे मला दोन्ही देशांत सारखंच दिसलं आणि सारखंच लागलं.

म्हणून मी एक मागणी केली. पात्यावर तुझी खूण कर. दाइ आधी नको म्हणाला. दुकानांना कारागिराची खूण चालत नाही, गिऱ्हाईक थेट येईल म्हणून. मी म्हटलं, हे पातं दुकानाचं नाही. त्याने मुलाला हाक मारली आणि दोघांनी मिळून पाठीवर, मुठीच्या जरा पुढे, छिन्नीने तीन छोट्या रेघा आणि एक टिंब मारलं. त्याच्या वडिलांची खूण होती म्हणे, भोजपूरला असताना मारायचे.

परतताना खुकुरी अर्थातच चेक-इनच्या सामानात, म्यानात, वरून पुठ्ठा आणि दोरी, पावती सोबत. हातातल्या बॅगेत अगदी कर्दसुद्धा ठेवू नका. विमानतळावर विचारलं तेव्हा मी माप सांगितलं आणि शेतीच्या कामाला आहे म्हटलं.

आता ती विट्याला भावाकडे असते. बाभळीचा मनगटाएवढा फाटा दोन घावांत तुटतो. पहिल्या हंगामानंतर मी भिंग घेऊन धार पाहिली. पोटाशी दोन ठिकाणी किंचित लोळली होती, तुटलेली कुठेच नव्हती, आणि चकमक चार-पाच वेळा ओढल्यावर सरळ झाली. सांभाळायचं फारसं काही नाही, पण जे आहे ते चुकवायचं नाही. काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवायचा. पावसाळ्यात म्यानात ठेवायची नाही, कातडं ओल धरतं आणि पातं रात्रीत डागाळतं. उन्हात किंवा बंद गाडीत टाकायची नाही, लाहा उष्णतेने नरम पडते आणि मूठ हलायला लागते. एकदा हललीच तर मूठ मंद शेकून, पातं दाबून धरून गार होऊ द्यायची. लाहा पुन्हा धरते.

भावाच्या दोन मित्रांनाही हवी आहे. त्यांनी आंतरजालावर निम्म्या किमतीत मिळते म्हणून फोटो पाठवले होते. मी त्यांना दाइचा नंबर दिला, तळव्याचं माप पाठवायला सांगितलं आणि लांबी-रुंदी नियमात ठेवायला सांगितलं. दसैंनंतर बोला, त्याआधी आरनात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. दोन्ही पात्यांवर तीन रेघा आणि टिंब मागून घ्यायचं, हेही सांगितलंय. आणि दादाच्या हाती मी कानशींचा एक नवा संच आरनात पोचवलाय.